नेलेल्या माणसांची यादी

आधीच सांगून टाकते, माझ्या सीनियरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं हायकोर्ट नागपूरला, त्यामुळे मुंबईचं कधी कामच पडलं नाही, आणि कामाशिवाय कुठं जायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोहता येत नव्हतं. पुलावरून वीतभर पाणी वाहत असलं तरी ते एसटीच्या ड्रायव्हरला थांबवून खाली उतरत आणि पाणी ओसरेपर्यंत काठावर उभे राहत. तरीही देऊळगाव राजात, कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर त्यांना सगळे 'जहाजवाले वकील' म्हणत. मी त्यांची ज्युनियर, म्हणून मी आपोआप 'जहाजवाली मॅडम'. पहिली दोन वर्षं मला त्या नावाची भारी चीड यायची. आता कुणी तशी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. सर नवे वकील झाले तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून पोस्टानं कूळकायद्याचं पुस्तक मागवलं. पार्सल आलं, उघडलं, तर पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी कूळकायद्याची आणि आत इंग्रजांच्या काळातला जहाजांचा कायदा. दुसऱ्या कुणीही ते परत पाठवलं असतं. सर म्हणाले, चूक त्याची आणि टपालखर्च माझा, हे जमणार नाही. पुस्तक ठेवून घेतलं. ठेवून घेतलंच आहे तर वाचून काढलं. जिथं नदीला पाणी बघायचं तर पोळ्यापर्यंत वाट पाहावी लागते, तिथं बसून या माणसानं गलबतं, बंदरं, खलाशी, नांगर सगळं तोंडपाठ केलं. कूळकायदा त्यांनी पुढं दुसरीकडून आणला, पण त्याच्यावर त्यांचा तसा जीव बसला नाही.

त्या जाडजूड पुस्तकातली चार-सहा पानंच त्यांची लाडकी होती. जहाजाच्या कप्तानानं निघताना आपल्या माणसांची यादी करायची. ज्या बंदरात जाईल तिथं ती दाखवायची. परतल्यावर यादीतला एकूण एक माणूस हजर पाहिजे. आजारी पडला, हातपाय मोडला म्हणून एखाद्या खलाशाला परक्या बंदरात टाकून आला, तर त्याचं खाणंपिणं, दवापाणी आणि घरापर्यंतचं भाडं कप्तानाच्या बोडक्यावर. सरांचं वकिलीतलं, घरातलं आणि देवाधर्मातलं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. नेलं तेवढं परत आणायचं.

मी एकदा त्यांना छेडलं होतं. म्हटलं, 'सर, इंग्रजांना काय खलाशांची कणव होती का? टाकलेली माणसं सरकारच्या गळ्यात पडू नयेत म्हणून केलेला कायदा आहे तो. खर्च वाचवायला.'

'बरोबर,' सर चष्मा पुसत म्हणाले. 'म्हणून तर टिकला. कणव काय, येते अन् जाते. लिहून घेतलेलं राहतं.'

त्यांच्याशी वाद घालताना नेहमी असंच व्हायचं. घरी जाताना बसमध्ये उत्तर सुचायचं.

मी सुलतानपूरची. आमचा भाजीपाल्याचा मळा. वडील मला सरांच्या ऑफिसात घेऊन आले तेव्हा त्यांच्या एका हातात माझं एलएल.बी.चं सर्टिफिकेट आणि दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. वडील म्हणाले, 'वकीलसाहेब, पोरगी तुमच्या हवाली केली.'

'हवाली-बिवाली नाही चालत,' सर म्हणाले. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर माझं नाव, गाव, वय आणि 'प्रकृती ठीक, स्वभाव तापट' असं लिहिलं. स्वभाव त्यांना पाच मिनिटांत कसा कळला कोण जाणे. खाली वडिलांची सही घेतली, आपली केली, आणि म्हणाले, 'जशी नेली तशी परत करीन. कमीजास्त झालं तर मला विचारायचं.' वडील भांबावून वांगी तिथंच विसरून गेले.

त्या दिवसापासून मी सरांच्या यादीत. संध्याकाळी मेहकर गाडीनं मी घरी निघाले की ते काळ्या कोटात, हातात छत्री घेऊन बसस्टँडवर यायचे. गाडी हलेपर्यंत उभे. नुसते उभे राहिले असते तर ठीक. ते कंडक्टरला सांगायचे, 'सुलतानपूरला उतरवायची. उतरली की बघायचं, अन् मग घंटी मारायची.' सगळी गाडी माझ्याकडं वळून बघायची. पंचवीस वर्षांची वकील मी, आणि दप्तर घेतलेल्या पोरीसारखी खिडकीत तोंड लपवून बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंडक्टर दिसला की सर त्याला विचारायचे, 'उतरली होती ना?' मी समोर उभी असताना.

लोक त्यांना आपल्या गाडीत घ्यायला घाबरत. त्याला कारण एक लग्न. सरांच्या मित्राच्या मुलाचं वऱ्हाड चिखलीकडं टेम्पोनं निघालं. सरांनी सवयीप्रमाणे सगळ्यांची यादी केली. वाटेत भज्यांसाठी गाडी थांबली. परत बसताना सरांनी हजेरी घेतली, तर नवरदेवाचा मामा नाही. शोधाशोध झाली. मुहूर्त जवळ आला. नवरदेवाचा बाप म्हणाला, येईल तो मागून, चला. सर उतरून टेम्पोच्या पुढं छत्री उघडून बसले. माणूस टाकून गाडी जाणार नाही. शेवटी मुहूर्त टळला, वऱ्हाड पोचलं, तर मामा मांडवात बसून दुसरी पंगत जेवत होता. भज्याच्या गाडीवर कुणी ओळखीचा भेटला, त्याच्या मोटरसायकलवर तो कधीच पुढं आला होता. मित्रानं सरांशी सहा-सात वर्षं अबोला धरला. मी विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, 'मग त्यानं यादीतून नाव काढून घ्यायला पाहिजे होतं.'

कोर्टातही तेच. नवऱ्यानं माहेरी आणून टाकलेल्या एका बाईची पोटगीची केस होती. अर्ज मी तयार केला होता, नेहमीच्या कायद्यानं, नेहमीच्या कलमांनी. सर उभे राहिले आणि सरळ बंदरात शिरले. वाजतगाजत वरात काढून हिला नेलं, चारशे माणसांसमोर यादीत घेतलं, आता आजारी पडल्यावर परक्या बंदरात उतरवून जहाज निघून जातं म्हणजे काय. जज्जसाहेब पुण्याकडचे होते. आमची बोली ऐकून त्यांच्या मिशीत नेहमी थोडं हसू असायचं. त्यांनी विचारलं, 'वकीलसाहेब, इथून समुद्र किती लांब असेल?'

'साहेब, अंतराचा मुद्दा समोरच्या वकिलांनी काढलेला नाही,' सर म्हणाले.

सगळं कोर्ट हसलं. पोटगी मिळाली, ती माझ्या अर्जावर. पण ती बाई पेढे घेऊन आली ते सरांच्या टेबलावर ठेवले, आणि मला दोन दिवस राग गेला नाही. त्याच सुमाराला बुलढाण्याच्या एका मोठ्या ऑफिसातून मला बोलावणं आलं होतं. जावंसं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

घरी त्यांची थोरली बहीण होती. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. सरांनी लग्न केलं नव्हतं आणि आक्काचा नवरा लवकर गेला, त्यामुळे दोघं भावंडं एकाच घरात म्हातारी होत होती. आक्का चौथी शिकलेली, पण जिभेला धार वकिलाची. मला म्हणायची, 'याले घरातला माठ भरता येत नाही, अन् जहाज हाकून राह्यला.' त्यावर सर न बोलता उठून माठ भरायचे आणि निम्मं पाणी सांडायचे.

आक्काला वांगी-टोमॅटोची वाडी करायची होती. गावाबाहेर सरांचं तीन एकर कोरडवाहू होतं. एका वैशाखात सरांनी तिथं बोअर घ्यायचं ठरवलं. आधी पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर हिंडला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं चुन्याची खूण केली. मग गावातल्या एजंटानं बोअरची गाडी आणली. या गाड्या दक्षिणेकडच्या आणि त्यांच्यावरची माणसं छत्तीसगडची. सात-आठ महिने ती गाडीवरच राहतात. तिच्याच सावलीला स्वयंपाक, तिच्याच टपावर झोप. आज या तालुक्यात, उद्या त्या जिल्ह्यात. सरांना ती गाडी बघताच इतका आनंद झाला की ते ऑफिसात येऊन मला म्हणाले, 'अगं, जहाज आलंय शेतात.'

मला ऐकायलाही वेळ नव्हता. म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

तीनशे फुटांवर नुसता धुरळा. चारशेवर धुरळा. गाडीचा मिस्त्री म्हणाला, बंद करू. पण शेवटी बोअर चालूच राहिला. त्या दिवशी त्यांचा एक माणूस तापानं पडलेला होता, म्हणून लोखंडी रॉड बदलायला त्यांनी आपल्या आचाऱ्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस. डाळ-भात शिजवणारा. पीठ मळता मळता उठून आला. रॉड निसटला आणि त्याचा उजवा हात चेचला. पाणी लागलंच नाही.

त्याला आमच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मिस्त्री म्हणाला, उद्या येऊन घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात फक्त धुरळ्याचा ढीग होता. गाडी निघून गेली होती. आचाऱ्याच्या खाटेखाली त्याची रेक्झिनची पिशवी ठेवलेली, वर बिस्किटांचा एक पुडा.

सर अंगातून जाळ निघावा तसे ऑफिसात आले. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. 'परक्या बंदरात टाकला,' एवढंच म्हणत होते. पुस्तक टेबलावर आपटलं, त्यातून धूळ उडाली. नोटीस लिही म्हणाले. मी लिहिली, पण कामगाराच्या नुकसानभरपाईच्या खऱ्या कायद्यानं, आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की यात वर्षं जातील. ते रोज सकाळी आक्कानं केलेला डबा घेऊन दवाखान्यात जायचे. जालन्याला ऑपरेशन झालं, तिथंही ते गेले. हात वाचला, पण बोटं मिटेनात. आचारी फार बोलायचा नाही. मी जबाब घ्यायला गेले तेव्हा मी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना त्यानं एकच उत्तर दिलं.

'मेरे को घर भेज दो, मॅडम. बस, घर भेज दो.'

भरपाई नको, केस नको, त्याला घर पाहिजे होतं. आणि त्याला घरी पोचवणारं कुणी नव्हतं. उजवा हात गळ्यात बांधलेला, दोन गाड्या बदलायच्या, अंगात अजून कणकण. एकटा पाठवला असता तर वाटेत कुठं पडला असता देव जाणे.

गाडीच्या मालकाचा पत्ता काढायला मी एजंटाकडं गेले. तो आपल्या फ्लेक्सच्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसला होता.

'मॅडम, मालक आम्ही बी नाही पाह्यला कधी,' तो म्हणाला. 'फोनवरच सारं चालते. आता तो फोन बी बंद येऊन राह्यला.'

'आचाऱ्याला रॉड धरायला लावता. मिस्त्रीनं बंद का नाही केलं मग?'

एजंट खुर्चीत सावरून बसला. माझ्याकडं जरा नवलानं बघून म्हणाला, 'तुम्हाले साहेबानं सांगतलं नाही काय? मिस्त्री बंदच करून राह्यला होता. चारशेवर. साहेबच म्हनले, अजून शंभर फूट जाऊ द्या.'

मी चालत ऑफिसात आले. सर नोटिशीवर सही करत होते. मी विचारलं, 'सर, चारशे फुटांवर थांबायचं म्हणत होते का ते?' सरांनी पेनाचं टोपण लावलं. ते माझ्याकडं बघेनात. मला तेवढ्यातच उत्तर मिळालं होतं, पण माझी जीभ थांबेना. म्हटलं, 'आख्ख्या जगाच्या याद्या केल्या तुम्ही. आणि आपल्या शेतात आलेल्या सहा माणसांची नाही केली?'

त्यांनी नोटीस घडी करून ठेवली. त्या संध्याकाळी बसस्टँडवर आले, पण कंडक्टरशी एक शब्द बोलले नाहीत. गाडी हलली तरी छत्री टेकवून तसेच उभे होते. मला घरी जाऊन भाकर गोड लागली नाही. मी बोलले ते खोटं नव्हतं, पण बोलायची रीत चुकली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप. असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सर आले ते काळा कोट न घालता. हातात ते पुस्तक.

'रात्रंदिवस वाचलं,' ते म्हणाले. 'कप्तान कोण, याच्यावर पुस्तकात लांबलचक लिहिलंय. पण मतलब एकच. ज्याच्या शब्दानं जहाज पुढं जातं तो. नोटिशीवर माझं नाव पाहिजे.'

'गाडीचा मालक सुटत नाही त्यानं,' मी म्हटलं. 'त्याला मी सोडणार पण नाही.'

'सोडू नको. तू त्याच्या मागं लाग. मी माझं बघतो.'

त्यांचं 'माझं' म्हणजे काय ते दुपारी कळलं. बहात्तर वर्षांचा हा माणूस, नागपूरच्या पुढं कधी न गेलेला, आचाऱ्याला स्वतः घरी पोचवायला निघाला होता. आक्कानं आधी कपाळाला हात लावला, मग शिव्या दिल्या, मग दशम्या केल्या. मी म्हटलं, मी येते. सर म्हणाले, तुझ्या दोन तारखा आहेत. मग मी निदान शेगावपर्यंत जायचं ठरलं. छत्तीसगडमार्गे हावड्याकडं जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात.

शेगावला प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून सरांनी कागद काढला. दोन प्रती केल्या. वर लिहिलं, 'नेलेल्या माणसांची यादी'. एक नंबरला आचारी. नाव, गाव, 'उजवा हात जायबंदी'. दोन नंबरला स्वतःचं नाव, पुढं 'कप्तान'. एक प्रत आपल्या खिशात आणि एक माझ्याकडं. आचारी डाव्या हातात पिशवी धरून आमच्याकडं बघत होता. त्याला वाटलं असणार, कसल्या लोकांच्या तावडीत सापडलो.

मी कागद वाचला आणि सहज विचारलं, 'सर, याला तुम्ही पोचवाल. तुम्हाला परत कोण आणणार?'

ते खरंच विचारात पडले. गाडीची घोषणा झाली, लोक उठले, तरी ते तसेच बसलेले. मग म्हणाले, 'कप्तानाला कोण परत आणतं, ते कलम त्यात नाही.' आणि आचाऱ्याच्या दंडाला धरून डब्यात चढले.

सहा दिवसांत येतो म्हणाले होते. सर मोबाइल ठेवत नसत. त्यामुळे सहाव्या दिवसापर्यंत काही वाटलं नाही. सातव्या दिवशी आक्का ऑफिसात येऊन बाकावर बसली. आठव्या दिवशी डबा घेऊनच आली. नववा दिवस तिनं रस्त्याकडं बघत काढला, आणि संध्याकाळी उठताना म्हणाली, 'तू गेली होती न सोडायले? मंग काऊन येऊ दिलं त्याले एकट्याले जाऊ?' वाक्य नीट जुळलंही नव्हतं तिचं. मला मात्र बरोबर लागलं. मी तारखा सांभाळत बसले होते. माझ्या पर्समध्ये त्या यादीची प्रत होती आणि मला ती उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. बुलढाण्याच्या त्या ऑफिसला मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

दहाव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेगावच्या चहावाल्याचा होता. मागून सरांचा आवाज, 'तिला म्हणावं उतरलो. पण फार चालवत नाही.' मी मिळेल त्या गाडीनं गेले. स्टेशनबाहेर एका दुकानाच्या पायरीवर ते बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, दाढी वाढलेली, अंगात ताप. मला बघून म्हणाले, 'तारखा काय झाल्या?' मला तिथं रस्त्यात रडू आलं. त्यांना ते आवडलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी थोडं थोडं सांगितलं. दोन दिवसांत ते त्या गावी पोचले होते. बायकोनं आरडाओरडा केला नाही. नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट वाकवून पाहिलं. मग विचारलं, रॉड पकडायला कुणी लावलं. सर म्हणाले, 'मैंने.' ती आत निघून गेली. थोड्या वेळानं तिनं दोघांना भात वाढला. जेवण झाल्यावर सरांनी कागद पुढं केला, माणूस मिळाला म्हणून अंगठा द्या. ती म्हणाली, आदमी आया, हाथ नहीं आया. अंगठा देणार नाही.

'मग?' मी विचारलं.

'मग काय. थांबलो. तिचं बरोबर होतं.'

चार दिवस सर त्यांच्या पडवीत राहिले. ताप तिथंच आला. त्यांना काढा तिनंच दिला. चौथ्या दिवशी ती गावातल्या शाळेच्या गुरुजींना घेऊन आली आणि तिनं सांगितलं तसं त्यांनी कागदावर लिहिलं. सरांनी खिशातून काढून मला तो दाखवला. हिंदीत दोनच ओळी होत्या. आदमी मिला. हाथ नहीं मिला. खाली अंगठा, त्याखाली सरांची सही, आणि सरांच्या अक्षरात, 'हुकूम माझा होता.'

'पुरा मिळाला असं लिहून घेतलं असतं तर खोटं झालं असतं,' ते म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. चार वर्षं मला या माणसाची लाज वाटत आली होती. त्या बसमध्ये मला त्यांचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगावंसं वाटलं, हे माझे सर आहेत. त्यांना मात्र मी ते कधी बोलून दाखवलं नाही. पुढं पाऊस लागायच्या आत त्यांनी ते तीन एकर विकलं आणि आचाऱ्याच्या गावात पिठाची गिरणी उभी राहिली, डाव्या हातानं चालवता येईल अशी. मी लावलेल्या केसचा निकालही लागला, पण तोवर सर गेले होते आणि ती वेगळी गोष्ट आहे.

देऊळगाव राजाला उतरून मी रिक्षा केली. आक्का दारातच उभी होती. सर उतरले आणि सगळ्यात आधी खिशातला तो अंगठ्याचा कागद तिच्यापुढं धरला. तिनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भावाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. दाढी पाहिली, चष्म्याचा दोरा पाहिला. कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग माझ्याकडं वळून हात पुढं केला.

'तो कागद कुठं हाय? तुह्याकडचा?'

मी पर्समधून यादी काढून दिली. सर म्हणाले, 'आक्का, एक नंबरचं झालंय, त्याचा कागद हा...'

'चूप बस.'

तिनं सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. ओट्यावर बसली, कागद मांडीवर ठेवला आणि चौथीतल्या अक्षरात, प्रत्येक अक्षराला थांबत, दोन नंबरच्या नावापुढं लिहिलं, 'मिळाला. ताप हाय.' खाली सही केली. मग पेन माझ्यापुढं धरलं आणि बोटानं जागा दाखवली.

'तू कर इथं. तूच आणलं न त्याले.'

मी सही केली. सरांनी कागद मागून घेतला, दोऱ्याच्या चष्म्यातून दोनदा वाचला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काढायला काही चूक सापडली नाही. ते ओट्याच्या कडेला आक्काशेजारी बसले. आक्का उठली आणि त्यांना हात धुवायला पाणी आणायला आत गेली.